गोंदेश्वर, साइज बेचाळीस

डिसेंबरात नाशिकचा माणूस भेटला तर तो आधी निफाडचा पारा सांगतो, मग तुमची तब्येत विचारतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा जसजसा उतरतो, तसतशी आमची मान ताठ होत जाते. द्राक्षबागायतदार बिचारे मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवून बसतात आणि आम्ही पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन लावून बसतो. "तुमच्याकडे किती? सोळा? अरेरे!" अशा गावात स्वेटर विणायला वेगळं कारण लागू नये. पण आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला कारण, नकाशा आणि अंदाजपत्रक लागतं. आमचे हे निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत.

नोकरीभर त्यांनी रस्ते, मोऱ्या आणि लहानमोठे पूल बांधले. आता बांधायला काही उरलं नाही, म्हणून ते माझ्या विणकामावर देखरेख करतात. मी सुया घेऊन बसले की ह्यांची खुर्ची पुढे सरकते.

"हे दोन सुलट, दोन उलट कशासाठी?"

"बॉर्डर ताणली जावी म्हणून."

"म्हणजे एक्सपान्शन जॉइंट."

तेव्हापासून स्वेटरच्या बॉर्डरला आमच्याकडे एक्सपान्शन जॉइंट म्हणतात. "जॉइंट जरा सैल झालाय," असं मी म्हटलं की पाहुणे काळजीने माझ्या गुडघ्यांकडे बघतात.

तर या हिवाळ्याच्या तोंडावर ह्यांनी फर्मान काढलं, की चौकटी, वेण्या आणि जाळ्या आता पुरे. यंदाचा स्वेटर गोंदेश्वराचा.

"म्हणजे छातीवर देवळाचं चित्र विणायचं?" मी विचारलं.

"चित्र कसलं, अगं! चित्र शाळेतली पोरं काढतात. दगडात जे आहे ते लोकरीत आलं पाहिजे. उठाव पाहिजे, उठाव. नकाशा मी काढून देतो."

नकाशा ते काढून देणार म्हटल्यावर पुढचं सगळं मला दिसलं. तरी मी हो म्हटलं, कारण मलाही ते देऊळ फार दिवस खुणावत होतं. का, ते सांगते.

सिन्नर नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला तीसेक किलोमीटर. देवगिरीला जाण्याआधी यादवांचं बस्तान इथे होतं. गोंदेश्वर हे त्यांच्या काळातलं शिवपंचायतन. उंच जोत्यावर मधोमध महादेवाचं मोठं देऊळ, समोर नंदी, चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची छोटी देवळं, भोवती कोट. सगळं काळ्या पाषाणात. शिखर भूमिज पद्धतीचं आणि, विणणारीच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, शाबूत. याच शैलीतलं, शिलाहारांच्या काळातलं अंबरनाथचं देऊळ जास्त प्रसिद्ध आहे, तिथे शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा शिलालेखही आहे. पण त्याच्या शिखराचा वरचा भाग गेलेला. गळ्यापाशी अपुरे राहिलेले स्वेटर माझ्या कपाटात आधीच आहेत, त्यासाठी शिलाहारांच्या दारात जायला नको.

भूमिज शिखर जवळून बघा, म्हणजे कळेल की ते घडवणाऱ्याच्या घरात कुणीतरी टाके मोजणारं होतं. चारी दिशांना मधोमध एकेक रुंद पट्टा खालून वर निमुळता होत जातो. त्याला लता म्हणतात आणि त्यावर गवाक्षांची जाळी कोरलेली असते. दोन लतांच्या मधल्या भागात छोट्या खांबांवर छोटी छोटी शिखरं, ओळीवर ओळ रचलेली. गंमत पुढेच आहे. वरच्या ओळीतलं प्रत्येक शिखर खालच्या ओळीतल्यापेक्षा लहान, पण ओळीतली संख्या तीच. नमुना कायम, माप घटतं. विणणाऱ्या बायकांच्या कपाळावर इथे आठी पडली असेल. टाके घटवायचे तर आम्ही कडेने घटवतो आणि मोकळे होतो. इथे प्रत्येक नमुन्याच्या पोटातून घटवायचे. खाली नऊ टाक्यांचं शिखर, वरच्या ओळीत सातांचं, मग पाचांचं, मग तीनांचं, आणि एकालाही 'तू राहा, तू जा' म्हणायचं नाही.

देवळाच्या भिंतीही सरळ नसतात. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे. या पुढे आलेल्या भागांना रथ म्हणतात आणि ते जोत्यापासून शिखरापर्यंत तुटत नाहीत. ह्यांच्या भाषेत मी हे सगळं एक्सपान्शन जॉइंट समजू शकते.

तर नकाशासाठी मापं घ्यायला आम्ही सिन्नरला गेलो. देवळात बाकीचे लोक दर्शन घेत होते, आम्ही माना वर करून ओळी मोजत होतो. ह्यांचा आकडा माझ्या आकड्याशी जुळेना, कारण सगळ्यात वरची, दिसली न दिसली अशी ओळ धरायची की सोडायची यावर मतभेद होता. तेवढ्यात एका शाळेची सहल आली. एका मुलीने विचारलं, "बाई, हे आजी-आजोबा वर काय शोधताहेत?" बाई म्हणाल्या, "अभ्यास करताहेत. तुम्हीपण वहीत लिहा." पोरांनी वह्या उघडल्या, आमच्यासारख्या माना वर केल्या आणि मोजू लागली. पाच मिनिटांत गोंदेश्वराच्या शिखराला वर्गातल्या पटाइतक्या ओळी झाल्या.

"हेमाडपंताने बांधलंय हे," सावलीत बसलेल्या एका गृहस्थांनी न विचारता सांगितलं.

महाराष्ट्रात काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की ते हेमाडपंताच्या नावावर चढतं. हेमाद्री तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारातला. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं, पण लोक त्यालाही हेमाडपंतीच म्हणतात. मोडी त्याने आणली म्हणतात, बाजरी त्याने आणली म्हणतात, देवळं तर काय, मोजदाद नाही. एवढी बांधकामं अंगावर असताना 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखा अवाढव्य ग्रंथ लिहायला त्याला वेळ कधी मिळाला, हा प्रश्न ह्यांना खात्यातल्या अनुभवामुळे नेहमी पडतो. ह्यांच्या मते ठेकेदार कामाचे असणार.

या देवळांत चुना नाही. एका दगडाच्या खोबणीत दुसऱ्याचा उंचवटा बसवलेला, वरच्याच्या वजनाने खालचा जागेवर. ह्यांचा जीव या एका गोष्टीत अडकलेला आहे. "सिमेंटची गोणी नाही, बघ! एकही नाही!" असं ते प्रत्येक खांबाजवळ म्हणतात, आणि तिथे खांब बरेच आहेत. शेवटी मी म्हटलं, "अहो, स्वेटरला तरी कुठे गाठी असतात? एका टाक्याच्या पोटातून दुसरा काढायचा, त्याच्या पोटातून तिसरा. सगळे एकमेकांना धरून." यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण देवळाचं टोक ओढलं तर देऊळ उसवत नाही." हे आमच्या नातवाच्या संदर्भात होतं. तो स्वेटरचं टोक सापडेपर्यंत शांत बसतो.

नावं चिकटवण्याची खोड आपल्याकडेच आहे असं मात्र कुणी समजू नये. आयर्लंडच्या पश्चिमेला ॲरन नावाची तीन बेटं आहेत. तिथले पांढरट लोकरीचे, भरगच्च पिळांचे स्वेटर जगभर जातात. ते विकताना सांगतात, की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, म्हणजे समुद्रात बुडालेला माणूस किनाऱ्याला लागला तर विणीवरून ओळखता यावा. ही कथा जे. एम. सिंग यांच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकावरून पसरली असं मानतात. नाटक १९०४ साली रंगमंचावर आलं. त्यात बहिणी बुडालेल्या भावाला ओळखतात खऱ्या, पण पायमोज्यावरून. एकीला आठवतं की विणताना आपले चार टाके गळले होते. म्हणजे घराण्याची वीण वगैरे काही नाही, गळलेल्या टाक्यांनी ओळख पटली. हे मला फार पटतं. आमच्या आळीत माझा स्वेटर याच पद्धतीने ओळखतात.

पुढे हाइन्झ एडगर कीवे नावाचे ऑक्सफर्डचे एक लोकरीचे दुकानदार निघाले. त्यांनी या पिळांचं नातं थेट मध्ययुगीन आयरिश हस्तलिखितांशी लावून टाकलं आणि १९६७ साली विणकामाच्या पवित्र इतिहासावर पुस्तकही काढलं. जाणकारांनी शोध घेतला तेव्हा हे भरगच्च स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मागे फारसे जाईनात. हजार वर्षांचे म्हणून घेतलेले पीळ माझ्या आजीच्या बरोबरीचे निघाले. कीवे यांना मी नावं ठेवणार नाही. लोकर विकायची तर हेमाडपंत लागतोच.

हे ऐकून ह्यांनी ताबडतोब एक फाइल उघडली. "आपला स्वेटर तरी खरोखर देवळावरून येतोय. कागद पाहिजेत." फाइलीत फोटो, मापं, दोघांचे वेगवेगळे आकडे आणि सहलीतल्या एका मुलाने दिलेलं वहीचं पान.

लोकर घ्यायला गेलो तर ह्यांनी सरळ काळ्या लडीवर हात ठेवला. देऊळ काळं, स्वेटर काळा. इंजिनिअरला यात शंका येत नाही. मी म्हटलं, काळ्या लोकरीत उठाव दिसणार नाही. दगडात खाच हात हात खोल असते, ऊन तिरपं पडलं की सावली धरते. लोकरीची खाच एका टाक्याएवढी. काळ्यावर ती गुडूप होईल. ॲरनच्या बायकांनी पांढरट लोकर उगाच नाही धरली.

"पांढरा गोंदेश्वर?"

"चुना लावला समजा."

"अगं, चुन्याशिवाय उभ्या राहिलेल्या देवळाला चुना?"

दुकानदार दोघांकडे बघत लडी हातात घेऊन उभा. किती तरी गावांत आठशे वर्षांच्या देवळाला भक्तिभावाने ऑइलपेंट फासतात, केशरी आणि पोपटी. त्या मानाने साय रंगाची लोकर म्हणजे जीर्णोद्धारच. तीच घेतली.

मग किती घ्यायची यावर बसलो. पिळाची वीण टाक्यांना आत ओढून धरते, त्यामुळे तेवढ्याच रुंदीला जास्त टाके घालावे लागतात आणि लोकर जास्त जाते. हे मी सांगताच ह्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं तेज आलं. "म्हणजे सुधारित अंदाजपत्रक!" त्यांनी दुकानातल्या बिलाच्या पाठीवर ते तिथेच केलं, स्वतः मंजूर केलं आणि खाली तारीख घातली.

आता खरा प्रश्न. खालून वर विणायचं, की वरून खाली? आपल्याकडे बहुतेक बायका खालून वर विणतात. बॉर्डर, मग अंग, मग काखेची घट, मग गळा. वरून खाली विणण्याची पद्धतही आहे. बार्बरा वॉकर या अमेरिकन बाईंनी १९७२ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. फायदा असा, की विणता विणता अंगाला लावून बघता येतं आणि लांबी हवी तिथे थांबवता येते. मी हे सांगितलं आणि ह्यांनी मांडीवर थाप मारली. "कैलास!"

वेरूळचं कैलास लेणं कळसापासून जोत्याकडे कोरत आणलेलं आहे, आठव्या शतकात, एकाच डोंगरातून. खाली कितीही जागा उरो, वर चुकलं तर दगड परत चिकटवायची सोय नाही. राष्ट्रकूटांच्या त्या कारागिरांची छाती लोखंडाची असणार. माझ्याकडे उसवायची सोय होती, तरी मी खालूनच घेतलं. गोंदेश्वर जोत्यापासून वर गेलं आहे आणि ह्यांच्या फाइलीत कैलासाचा एकही कागद नव्हता.

जोतं झकास झालं. देवळाच्या पायाशी आडवे थर असतात, एक जाड, मग खोल खाच, मग धारदार कणी, मग पुन्हा जाड. उलट-सुलट ओळींची अदलाबदल केली की ते हुबेहूब उतरतात. लतेच्या जागी पिळांची जाळी. राहिली छोटी शिखरं. त्यांच्यासाठी गाठीची वीण घेतली. एका टाक्यातून पाच टाके काढायचे, काम उलटून ते पाच विणायचे, पुन्हा उलटून विणायचे, मग पाचांचा एक करायचा. बोराएवढी टपोरी गाठ उठते. ती एक करायला मजा येते. पन्नासावी करताना मजा संपलेली असते आणि अजून पाठ बाकी असते. यादवांच्या पाथरवटांना तोच तोच नमुना कोरताना काय वाटत असेल हे मला त्या दिवसांत चांगलं कळलं, आणि जे वाटत असेल ते छापण्यासारखं नाही.

स्वेटर टेबलावर पसरला तेव्हा गोंदेश्वर होता. ह्यांनी अंगात घातला आणि वास्तुकलेचा प्रश्न उभा राहिला. देऊळ खाली रुंद असतं आणि वर निमुळतं. ह्यांचं बांधकाम मधे रुंद आहे. देवळाच्या परिभाषेत सांगायचं तर ह्यांना मुखमंडप आहे. त्या मंडपावर माझे सगळे रथ ताणून सपाट झाले, खाचा मिटल्या आणि आडवे थर वरच्या बाजूला कमानीसारखे वाकले. हेमाडपंती बांधकामात खरी कमान नसते, दगड पुढे पुढे सरकवत नेतात. ती नवलाई आमच्या घरात झाली. ह्यांनी आरशात बघून एवढंच म्हटलं, "साइटवर थोडा फरक पडतोच."

खांद्यापासून वर मात्र जमलं. ओळी आखडत आखडत गळ्याशी आल्या आणि गळ्यातून ह्यांचं तुळतुळीत डोकं बाहेर आलं. शिखराच्या टोकाला आमलक, म्हणजे आवळ्यासारखा गोल दगड असतो, त्यावर कळस. दोन्ही आयते मिळाले, त्यासाठी एकही टाका घालावा लागला नाही.

पहिल्या रात्री ते आरामखुर्चीत टेकून झोपले आणि उठले तेव्हा पाठीवर गाठींच्या ओळी उमटलेल्या. अंगणात जाऊन शेजाऱ्यांना सदरा वर करून दाखवल्या, "बघा, ओळी मोजून घ्या, वाद मिटेल." शेजाऱ्यांचा आणि माझा आकडा जुळला. ह्यांनी तो फाइलीत घेतला नाही.

नणंदबाई आल्या. चष्मा लावून, स्वेटर उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. "अगंबाई, अननस! किती छान अननस काढलेस, वहिनी." ह्यांनी भूमिज शैलीवर सविस्तर माहिती दिली, माळव्यापासून सिन्नरपर्यंत. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "हो रे दादा. पण वरती जरा हिरवी पानं काढली असती ना, तर उठून दिसला असता."

ह्यांना दाद हवी होती, म्हणून आम्ही तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या बाजारात गेलो. दर हिवाळ्यात त्यांचे स्टॉल लागतात, बहुतेक माल लुधियानाचा, मशीनवरचा. एका स्टॉलवरची बाई मोबाइलवर बोलत होती. बोलता बोलता तिची नजर ह्यांच्या पोटावर थांबली. फोन खाली आला. तिने काही विचारलं नाही, सरळ पुढे होऊन स्वेटरची खालची कड धरली आणि उलटी केली. पुढची बाजू तिने पाहिलीच नाही. मागून धागे कसे नेले आहेत, जोड कुठे लपवले आहेत, गाठीच्या मागे भोक राहिलंय का, हे अंगठा फिरवून बघत राहिली. भर बाजारात, ह्यांचं पोट अर्धं उघडं, आणि हे श्वास रोखून उभे. मग तिने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे नाही. "पीछे से भी साफ है," ती म्हणाली.

मला भरून यायच्या आत ह्यांनी विचारलं, "कितने का होगा?" आणि फाइलच काढली. लोकर, सुया, प्रवास, आणि मजुरी सरकारी दरसूचीप्रमाणे, कुशल कामगार, तासांवर. तिने बेरीज वाचली आणि हसत सुटली. "अंकल, इतने में मेरा पूरा स्टॉल ले जाओ. मैं भी साथ में आती हूँ."

तेव्हापासून ह्यांनी स्वेटरला संरक्षित स्मारक जाहीर केलं आहे. गोंदेश्वराबाहेर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे, त्यातलाच मजकूर उतरवून कपाटाच्या दाराला आतून लावलाय. १९५८चा कायदा. २०१०च्या दुरुस्तीप्रमाणे स्मारकापासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे दोनशे मीटर विनियमित. म्हणजे वॉशिंग मशीन बाद. मी दाखवून दिलं की शंभर मीटरमध्ये आमचं स्वयंपाकघर, जिना, पार्किंग आणि शेजारची अख्खी सोसायटी येते, तेव्हा खोडकर नातवासकट सगळ्यांनाच हलवावं लागेल. नातवाला सूट मिळाली. मशीनला नाही. हाताने, गार पाण्यात, न पिळता धुण्याचं जतनकार्य अर्थातच माझ्याकडे.

गेल्या रविवारी पारा उतरल्याची बातमी वाचताना ह्यांनी स्वतःच कपभर चहा दक्षिणेकडच्या लतेवर ओतला. मी कपाटाचं दार उघडलं आणि फलक मोठ्याने वाचून दाखवला. स्मारकाला हानी पोचवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेत ठेवलं तर तिन्ही त्रिकाळ खायला मलाच घालावं लागेल, म्हणून मी दंडावर राजी झाले. ह्यांनी अपील केलंय आणि सुनावणी नणंदबाईंपुढे ठेवलीय. त्यांच्या मते डाग पडलाच आहे तर त्यावरूनच दोन पानं विणून घ्यावीत.